पत दुरुस्तीला टाकली तेव्हा

बॅगेचं चाक दुकानाच्या पायरीवरच निखळलं, हे मी आजही कोणत्याही न्यायाधीशासमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. अडचण एवढीच की कोणी न्यायाधीश मला ते विचारत नाही. बॅग मोठी होती, निळी होती आणि ती मी क्रेडिट कार्डावर घेतली होती. दुकानदाराचं म्हणणं असं की चाक माझ्या ओढण्याच्या पद्धतीमुळे निखळलं. आता बॅग ओढायला पद्धत कसली लागते? दांडा धरायचा आणि चालायचं. मी काही तिला नांगराला जुंपलं नव्हतं.

दुकानदार पैसे परत देईना, तेव्हा मी कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. बँकेनं ती अगदी अदबीनं घेतली, बॅगेची रक्कम तात्पुरती बिलातून वगळली आणि तुटलेल्या चाकाचा एक फोटो पाठवा म्हणून सांगितलं. इथे माझं बिनसलं. मी वीज कंपनीच्या बिल-तक्रार विभागात काम करतो. मीटरचा फोटो आणा, मग बोलू, हे वाक्य मी रोज लोकांना ऐकवतो. पण माझ्याकडेच कोणी फोटो मागावा, म्हणजे माझा शब्द पुरेसा नाही, हे मला सहन होईना. मी फोटो काढला नाही. त्याऐवजी ग्राहक, विश्वास आणि चाक या विषयावर एक सविस्तर पत्र लिहायला घेतलं. ते मनासारखं उतरेपर्यंत बँकेनं दिलेली मुदत टळून गेली. पत्र मात्र उत्तम झालं होतं. बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिनं विचारलं, "आणि फोटो?"

निकाल दुकानदाराच्या बाजूनं लागला आणि बॅगेची रक्कम माझ्या बिलात परत येऊन बसली. मी जाहीर केलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे आणि मी भरणार नाही. तत्त्वाच्या प्रश्नाला व्याज लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. दर महिन्याला बिल येई आणि मी त्यावर लाल शाईनं 'अमान्य' लिहून ते कपाटात टाकी. वसुलीचे फोन आधी मला 'सर' म्हणत, मग 'मिस्टर' म्हणू लागले, शेवटी नुसतं आडनाव. मग तेही थांबले. बँक दमली, आपण जिंकलो, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि प्रकरण विसरून गेलो.

ते पुन्हा उपटलं ते बाइंडरकाकांच्या दुकानापायी.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर या काकांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. शाळांची हजेरीपुस्तकं, कोर्टाचे जाडजूड दस्त, ग्रंथालयांची हाडं खिळखिळी झालेली पुस्तकं, सगळं तिथे यायचं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली त्या वर्षी बायको एक फाटका शब्दकोश घेऊन खाली गेली. शब्दकोश चार दिवसांत वर आला, बायको मात्र रोज दुपारी खाली जाऊ लागली. पानांचे गठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना शिवतात त्याला जुजबंदी म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं. पुढे पुढे अवघड पुस्तकं काका तिच्याकडेच सरकवायला लागले. संध्याकाळी तिच्या बोटांना खळीचा वास यायचा आणि ती गुणगुणत स्वयंपाक करायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

काका थकले. लेकीनं आणि त्यांनी मिळून एक घर घ्यायचं आणि तिकडेच राहायचं, असं ठरलं. दुकान विकावं लागणार होतं. त्यांनी पहिल्यांदा बायकोला विचारलं. बाहेर जास्त किंमत येईल, पण बाहेरचा माणूस कापायचं मशीन भंगारात घालेल, आणि ते त्यांना बघवणार नाही, असं ते म्हणाले. पैसे मात्र एकरकमी हवे होते, कारण लेकीच्या घराचा व्यवहार तोंडावर आला होता.

बायकोनं हे मला जेवताना सांगितलं. तिनं आजवर माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदा पंखा मागितला होता, पण तो खोलीसाठी. आपली शिल्लक आणि तिच्या बांगड्या मोडून बरीचशी रक्कम उभी राहील, असा तिनं हिशेबही केला होता. बांगड्यांचं नाव काढताच मी घास खाली ठेवला. माझ्या घरात दागिने मोडायची वेळ आलेली नाही, म्हणालो. कर्ज काढू. इतकी वर्षं नोकरी केली, कोणाचा पैसा बुडवला नाही, बँक नाही कशाला म्हणेल? बोलताना मला बॅगेची आठवणही झाली नाही.

माझा पगार जमा होतो त्या बँकेत आम्ही दोघं गेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कर्जविभागातल्या बाई पस्तिशीच्या, शांत, आणि दिवसभर लोकांना नाही म्हणून थोड्या दमलेल्या होत्या. त्यांनी माझं नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी हेडमास्तर असेच बघत. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. माणसाची पत आता आकड्यात मोजतात आणि त्या आकड्याला स्कोअर म्हणतात. माझा आकडा लाल होता.

"तुमच्या नावावर जुनी थकबाकी आहे," बाई म्हणाल्या. "कार्डाची. मूळ खरेदी... एक प्रवासी बॅग."

बायको माझ्या शेजारीच बसली होती. मी बाईंना चाकाची हकिगत पहिल्यापासून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या की चाकाबद्दल त्यांचं काही मत नाही, पण थकबाकी पूर्ण भरा, बाकी नसल्याचं पत्र घ्या, आकडा हळूहळू सुधारेल. पूर्ण, या शब्दावर त्यांनी जोर दिला होता, हे मला नंतर आठवलं.

बायकोनं हळूच विचारलं, कर्ज तिच्या नावावर मिळेल का? बाईंनी तिचं नाव टाकलं आणि या वेळी बराच वेळ लागला. यांची काहीच नोंद नाही, बाई म्हणाल्या. चांगली नाही, वाईट नाही, नोंदच नाही. खरं होतं. घर माझ्या नावावर, वीज, गॅस, फोन माझ्या नावावर, ग्रंथालयाचं सभासदत्वही माझ्या नावावर, आणि पुस्तकं वाचायची ती. तिला कटकट नको म्हणून मी सगळं स्वतःकडे ठेवलं होतं. वर्षानुवर्षं मी त्याला काळजी घेणं म्हणत आलो. त्या पडद्यावर मात्र बायको या जगात राहतच नव्हती.

घरी येईपर्यंत बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती. तिथे एक निवृत्त विमा एजंट राहतात. जिन्यात भेटलेल्या माणसाला आजचा व्याजदर सांगितल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून आख्खी इमारत त्यांना व्याजदर म्हणते. ते चपला न काढता आत आले आणि त्यांनी माझा ताबा घेतला. एका बँकेनं नाही म्हटलं म्हणजे सगळ्या नाही म्हणतील असं थोडंच आहे? मोठ्या रस्त्यावर ओळीनं बँका आहेत, सगळीकडे अर्ज टाका, एक तरी जाळ्यात सापडेल. त्यांच्या आवाजात असा काही विश्वास होता की मी आठवडाभर रजा काढली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बँका पालथ्या घातल्या. सगळीकडे मला पाणी मिळालं. एके ठिकाणी पेनही मिळालं.

नंतर मी पहिल्या बाईंकडे गेलो तर आकडा आणखी खाली गेला होता. प्रत्येक अर्जाची नोंद होते, त्यांनी समजावलं. इतके अर्ज एकदम दिसले की बँकांना वाटतं, हा माणूस कर्जासाठी दारोदार फिरतोय. मी म्हणालो, फिरतोच आहे. त्या म्हणाल्या, ते दिसायला नको होतं.

एवढ्यात वसुलीवाल्यांचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी 'सर' पासून सुरुवात झाली. बॅगेची रक्कम व्याजासकट इतकी फुगली होती की तीत अशा कितीतरी बॅगा आल्या असत्या. पलीकडचा माणूस म्हणाला, सर, निम्मे भरा आणि प्रकरण मिटवून टाका. मी घासाघीस करून ती रक्कम आणखी खाली आणली. मंडईत कधी मला दोन लिंबं जास्त मिळाली नाहीत, आणि इथे मी बँकेला नमवलं होतं. पैसे भरून मी ताठ मानेनं घरी आलो. पण बायकोनं विचारलं, "त्या बाईंनी पूर्ण भरा सांगितलं होतं ना?" मी तिला व्यवहारातलं कळत नाही असं काहीतरी बोललो. नेमकं काय बोललो ते मला आठवतं, पण इथे लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा उमटला. मला तो शब्द भारदस्त वाटला. सेटल्ड माणूस, संसारी, स्थिरावलेला. बाईंनी कपाळाला हात लावला. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, या गृहस्थानं घेतलं तेवढं परत दिलं नाही, असा होतो. थकबाकीदार निदान पुढे देईल अशी आशा असते. सेटल्ड माणसाची आशाच संपलेली असते.

त्या संतापात मी आणखी एक पराक्रम केला. माझ्याकडे पगाराच्या बँकेचं एक फार जुनं कार्ड होतं. त्याचं बिल मी कधी एक दिवसही चुकवलं नव्हतं. कार्ड हेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, असं म्हणत मी ते बंद करून टाकलं आणि कात्रीनं कापलं. कात्री बायकोची, कापड कापायची. तिला प्लास्टिक कापलेलं आवडत नाही. माझ्या सगळ्या कागदपत्रांत माझ्याबद्दल चांगलं बोलणारा तेवढा एकच साक्षीदार होता, हे बाईंनी नंतर सांगितलं. बाईंचा स्वभाव खरोखर चांगला होता. दुसरं कोणी असतं तर मला दारातूनच परत पाठवलं असतं.

आता एकच मार्ग उरला होता. सोडून दिलेली उरलेली रक्कम भरायची आणि तो शेरा काढून घ्यायचा. मी पैसे घेऊन कार्डाच्या बँकेत गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, तुमच्याकडे काही येणं नाही. मी म्हणालो, आहे. तो म्हणाला, खातं मिटलंय, सिस्टिममध्ये काही दिसत नाही. मी म्हणालो, अहो, मी स्वतः सांगतोय ना, मी तुमचे पैसे बुडवलेत. मागच्या रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकायला लागली. जी रक्कम मी देणं लागत नाही असं मी लाल शाईनं लिहीत होतो, ती मी लागतो हे पटवायला मी आता आवाज चढवत होतो. त्यानं मला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसरीनं वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यानं मुख्य कार्यालयाला लिहा सांगितलं. मी लिहिलं. उत्तर आलं: 'आपला अर्ज विचाराधीन आहे. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत.'

हे वाक्य मी ओळखलं. आमच्या विभागातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी हेच घालत आलो आहे. वाचणाऱ्याला त्यानं दिलासा मिळतो अशी माझी कल्पना होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते वाक्य नमुन्यातून काढून टाकलं. साहेबांनी विचारलं, का काढलं? मी म्हणालो, खोटं आहे.

या सगळ्यात दिवस जात होते आणि काका थांबले होते. लेकीकडची मंडळी घाई करत होती, तरी ते आज-उद्या करत होते. एका रविवारी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ. त्याच्याकडे पाच क्रेडिट कार्डं आहेत आणि मी त्याला प्रत्येक कौटुंबिक समारंभात त्यावरून छेडत आलो आहे. पत्त्यांचा डाव मांडलाय का, असं मी सगळ्यांसमोर विचारायचो. तो हसायचा. त्या दिवशी तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "भावोजी, कर्ज माझ्या नावावर काढू या. माझा स्कोअर चांगला आहे. हप्ता ताई दुकानातून भरेल. कोणाला सांगायचीही गरज नाही."

'कोणाला सांगायची गरज नाही' हे तो माझा मान राखायला म्हणाला होता. मला ते नेमकं उलटं लागलं. ज्याला मी शहाणपण शिकवत होतो, त्याच्या स्कोअरवर माझ्या बायकोनं दुकान घ्यायचं? मी त्याला म्हटलं की आमचं आम्ही बघून घेऊ, मुख्य कार्यालयाचं उत्तर आता येईलच.

बायको दारात उभी होती. "एकदा विचार करा," ती म्हणाली.

"झालाय विचार," मी म्हणालो.

विचार झालेला नव्हता. बॅगेपासून आतापर्यंत या प्रकरणात मी एकदाही विचार केलेला नव्हता. पण वाक्य तोंडातून गेलं होतं आणि ते मागे घेण्याची रीत माझ्याकडे नव्हती. मेहुणा चहा न घेता गेला.

थोड्याच दिवसांनी काका वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी जिना चढत नसत. धापा टाकत दारातच उभे राहिले, बसायला तयार होईनात. पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीला गोदाम हवं होतं, त्यांनी पूर्ण रक्कम देऊ केली होती. "मी थांबलो असतो हो," ते बायकोला म्हणाले. "पण तिकडचे थांबेनात." बायको म्हणाली, मला माहीत आहे काका, आणि त्यांना पाणी आणून दिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ही सभ्यता त्यांनी दाखवली नसती तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकांची अर्धवट राहिलेली पुस्तकं बायको वर घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर तिनं ती पुरी करायला घेतली. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. घरभर खळीचा वास होता, दोऱ्याचे तुकडे माझ्या मोज्यांना चिकटून ऑफिसात येत होते. मी मदत करू का विचारलं. तिनं मला पुठ्ठे धरून ठेवायला दिले. मी ते धरून बसलो, आणि ती कशी शिवते ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. सुई प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटातून जाई, शेजारच्याला पकडी, वळून परत येई. ती एकदाही खाली बघत नव्हती, आणि गुणगुणतही नव्हती.

मशीन न्यायला माणसं आली तेव्हा ते दारातून निघेना. कोणे एके काळी ते बसवून मग भिंत बांधली असावी. शेवटी चौकट तोडली. व्याजदर गॅलरीत उभे राहून ते कसं तिरकं करायला हवं हे ओरडून सांगत होते. बायको खाली गेली नाही. काकांनी तिला पान दुमडायची हाडाची पट्टी दिली होती, ती तिनं धुऊन कपड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली.

आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या छापखान्यात जाते. तिथे पुस्तकं शिवत नाहीत, मशीन ती चिकटवतं. चिकटलेली पुस्तकं नीट चिकटलीत का, हे बघायचं तिचं काम. पगार बरा आहे. मी विचारलं, काम आवडतं का? ती म्हणाली, बसायला खुर्ची आहे.

मुख्य कार्यालयाचं उत्तर यथावकाश आलं. माझे पैसे त्यांनी स्वीकारले, शेरा बदलला, बाकी नसल्याचं पत्र दिलं. आकडा महिन्या-महिन्यानं वर चढत गेला आणि एक दिवस हिरवा झाला. कर्जविभागातल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं. खरंच केलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. मी तो आकडा फोनवर उघडून बायकोला दाखवला. ती नुकतीच कामावरून आली होती. तिनं चष्मा लावून तो नीट बघितला.

"चांगला आहे का हा?"

"उत्तम समजतात."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन मला परत दिला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मेहुण्याला मी एकदा घरी बोलावलं. माफी मागायची असं ठरवून बसलो होतो. पण तो आल्यावर पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि जाताना मी त्याला दोनदा सांभाळून जा म्हणालो. त्याला कळलं असावं. निदान या खेपेला त्यानं चहा घेतला.

हल्ली मला बँकांचे फार फोन येतात. मोठ्या रस्त्यावरच्या त्याच बँका. परवा दुपारी एका मुलीचा आला. बायको कामावर होती, घरात मी एकटाच होतो. मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की माझी पत अतिशय उत्तम आहे आणि माझ्यासाठी मोठं कर्ज आधीच मंजूर करून ठेवलंय. मग तिनं विचारलं, सर, कर्जाची काही गरज आहे का?

"होती," मी म्हणालो.

"आहे ना सर?"

"होती."

तिच्यासमोर जी उत्तरं असतील त्यांत हे बहुधा नव्हतं.

"मग मी 'नाही' असं टाकते, सर," ती म्हणाली.

मी म्हणालो, टाका.